रिपोर्ट नॉर्मल, बाई आजारी

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या ताईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "लिव्हरच्या आजारात किडनीचं काय होतं, यावर बोलेन." फोनवर पलीकडे थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग ताई म्हणाल्या, "अगं, हा तर डॉक्टरांचा विषय. आपल्या बायकांना काय त्याचं?"

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. योजनेचे कागद करायचे, ट्रस्टना पत्रं लिहायची, रक्तदाते जमवायचे, ज्याच्यापाशी कोणी नाही त्याच्यापाशी जाऊन बसायचं, हे माझं काम. रक्ताचा रिपोर्ट वाचणं हे माझं काम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एका बाईच्या रिपोर्टवरचा आकडा मी माझ्या हाताने अर्जात उतरवला आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, म्हणून हा विषय घेतला.

२०२१ सालची हिवाळ्यातली गोष्ट. वॉर्डात एक बाई दाखल झाल्या. आपण त्यांना काकू म्हणू. वय ४८, चार घरची धुणीभांडी करायच्या. हातपाय काडीसारखे आणि पोट नऊ महिन्यांच्या गरोदर बाईसारखं. पोटातल्या पाण्यासकट वजन ४१ किलो. लिव्हर कडक होऊन आकसलं होतं, ज्याला सिरॉसिस म्हणतात. आता सिरॉसिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दारू येते. वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांपर्यंत प्रत्येकाने काकूंना विचारलं, "दारू पीत होता का?" त्या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांना हेपॅटायटिस सी होता. १९९६ साली बाळंतपणात खूप रक्त गेलं म्हणून दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्या रक्तातूनच आजार आला असणार, असं डॉक्टरांचं मत पडलं. पंचवीस वर्षं तो आत राहिला आणि बाईला फक्त 'थकवा येतो' एवढंच वाटत राहिलं. थकवा तर आपल्या सगळ्यांनाच येतो. त्यासाठी दवाखान्यात कोण जातं?

दाखल झाल्या त्या दिवशी काकूंचं क्रिएटिनिन होतं ०.५. सहा दिवसांनी ०.९. रिपोर्टवर शेजारी छापलेलं असतं, बायकांसाठी नॉर्मल ०.५ ते १.१. म्हणजे दोन्ही आकडे नॉर्मल. ना ठळक अक्षर, ना पुढे चांदणी. मी तेव्हा एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज भरत होते. त्यात रकाना होता, 'मूत्रपिंडाचे कार्य'. मी लिहिलं, 'नॉर्मल'.

त्याच दुपारी काकू मला म्हणाल्या, "ताई, दोन दिवस झाले, लघवीला फार कमी होतंय." मी म्हटलं, "पाणी कमी पिताय ना, म्हणून असेल." हे माझे शब्द. मी ते आजही विसरलेले नाही. खाटेवर पडून पाठ दुखते म्हणून जावेने खालच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या काकू दिवसातून दोनदा घेत होत्या. हे मला माहीत होतं, पण कुणाला सांगावं असं वाटलं नाही. वॉर्डातल्या निवासी डॉक्टर मुलीकडे त्या दिवशी साठेक पेशंट होते. तिनेही आकडा पाहिला, नॉर्मल म्हणाली आणि पुढे गेली.

चार दिवसांनी क्रिएटिनिन २.६ झालं. काकू गुंगीत गेल्या. मोठे डॉक्टर राउंडला आले, त्यांनी जुने रिपोर्ट मागवले, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हे ०.९ च्या दिवशीच कळायला हवं होतं."

मी त्यांच्या मागे लागून हे समजून घेतलं. नंतर पुस्तकं वाचली, त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. मला जे कळलं ते आता तुम्हाला सांगते.

लिव्हर बिघडलं की किडनी का बिघडते? तुमच्यापैकी काही जणींची शेतं कालव्याच्या टेलला असतील. वरच्या बाजूला चाऱ्या फुटल्या, पाणी भलतीकडे पसरलं, की टेलच्या शेताला थेंब पोचत नाही. धरणात पाणी असतं, कालव्यातही असतं, पण टेलला दुष्काळ. इथेही तसंच होतं. आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरमधून जातं. लिव्हर दगडासारखं झालं की त्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो. मग आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडून फुगतात आणि बरंच रक्त तिथेच अडकून राहतं. किडनीला वाटतं, शरीरात पाणी कमी पडलंय. ती दुष्काळात वागावं तसं वागते. मीठ धरून ठेवते, पाणी धरून ठेवते. ते पाणी पोटात आणि पायांत उतरतं. म्हणून पोट फुगतं, पण लघवी मात्र कमी होते. हे वाढत गेलं की किडनीच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात आणि तिचं काम थांबतं. याच्या शेवटच्या टोकाला डॉक्टर हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. अशा वेळी बरेचदा किडनी स्वतः खराब झालेली नसते. १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अनुभव प्रसिद्ध केला. लिव्हरच्या आजारात किडनी बंद पडून मरण पावलेल्या लोकांच्या किडन्या दुसऱ्या रुग्णांना बसवल्या, तर त्या किडन्या कामाला लागल्या. म्हणजे दोष किडनीत नव्हता, तिच्यापर्यंत पुरेसं रक्त पोचत नव्हतं. म्हणूनच वेळेवर लक्षात आलं तर ती पुन्हा सुरू होऊ शकते, आणि उशीर झाला तर कायमची जाते. इथे एकेका दिवसाची किंमत असते.

आता तो वेळ ओळखायचा कशाने? तर क्रिएटिनिनने. आणि बायकांच्या दृष्टीने खरा प्रश्न इथेच आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो आणि आकडा वाढतो. साधा हिशेब आहे. पण ज्याचे स्नायू जास्त, त्याच्या अंगात तो जास्त तयार होतो. ज्याचे स्नायू कमी, त्याच्या अंगात कमी. धडधाकट पुरुषाचा १.१ आणि चाळीस किलोच्या बाईचा १.१ हे सारखे नव्हेत. त्या बाईची किडनी निम्म्यावर आलेली असू शकते.

लिव्हरच्या आजारात तर आकडा आणखी फसवतो. एक म्हणजे या आजारात स्नायू झिजतात. दुसरं, क्रिएटिनिन ज्या क्रिएटिनपासून बनतं ते मोठ्या प्रमाणात लिव्हरमध्येच तयार होतं, तेही कमी पडतं. तिसरं, अंगात पाणी साठल्याने रक्तातलं प्रमाण पातळ होतं. चौथं, कावीळ खूप वाढली असेल तर तपासणीच्या एका जुन्या आणि स्वस्त पद्धतीत आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. ही चारही कारणं पुरुषालाही लागू आहेत. पण मुळातच स्नायू कमी, त्यात आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाल्लेलं, अशा बाईचा आकडा सगळ्यात जास्त फसवा असतो. म्हणजे जी सगळ्यात अशक्त, तिचाच रिपोर्ट सगळ्यात चांगला दिसतो!

म्हणून २०१५ साली जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांच्या गटाने नियम बदलला. पूर्वी १.५ च्या वर गेल्याशिवाय किडनीचा त्रास मानत नसत. आता एकटा आकडा बघायचा नाही, वाढ बघायची. दोन दिवसांत ०.३ ने वाढला, किंवा सात दिवसांत दीडपट झाला, तर किडनीला इजा झाली असं धरून लगेच पावलं उचलायची. काकूंचा आकडा सहा दिवसांत ०.५ वरून ०.९ झाला होता, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कागदावर मात्र 'नॉर्मल' छापलेलं होतं. आणि मीही तेच लिहून मोकळी झाले.

कुणी म्हणेल, हा एका वॉर्डातला, एका दिवसाचा निष्काळजीपणा आहे, यात बाई-पुरुष कशाला आणायचं? म्हणून आता जरा लांबचं उदाहरण देते. अमेरिकेत २००२ सालापासून, दात्याचं लिव्हर आधी कुणाला द्यायचं हे 'मेल्ड' नावाच्या गुणांवर ठरायला लागलं. रक्तातल्या तीन तपासण्यांवरून गुण काढायचे, त्यातली एक क्रिएटिनिन. ज्याचे गुण जास्त, तो जास्त आजारी, त्याचा नंबर आधी. हेतू चांगला होता. ओळखीपाळखी, वशिला बाजूला ठेवून निव्वळ आजाराच्या तीव्रतेवर निर्णय व्हावा. झालं काय? बायकांचं क्रिएटिनिन मुळात कमी, म्हणून तितक्याच आजारी असूनही त्यांचे गुण कमी. २००८ साली तिथे एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पद्धत आल्यावर काळ्या आणि गोऱ्या रुग्णांमधली तफावत कमी झाली होती, पण बाई आणि पुरुषांमधली वाढली होती. यादीत वाट पाहता पाहता मरण्याचा किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे जाण्याचा धोका बायकांना जास्त होता. पुढे गुणांची नवी पद्धत तयार झाली. तिच्यात बायकांना १.३३ गुण जास्त दिले. ती तिथे लागू झाली २०२३ च्या जुलैमध्ये. २००२ ते २०२३. हिशेब तुम्हीच करा.

यात बायकांचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. फक्त मोजायचं माप बनवताना 'हे बाईच्या शरीराला लागू पडेल का?' असा प्रश्न कुणी वेळेत विचारला नाही. आपण चळवळीत नेहमी म्हणतो की, जे तटस्थ दिसतं ते तटस्थ असतंच असं नाही. मजुरीच्या दरात आपण ते पाहिलंय, सातबाऱ्यावर पाहिलंय. रक्ताच्या रिपोर्टमध्येही ते असतं, हे मला काकूंमुळे कळलं. आपल्याकडचे डॉक्टरही आजाराची तीव्रता जोखायला मेल्डचेच गुण वापरतात, म्हणून हे आपल्यालाही माहीत पाहिजे.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगते. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, पाणी उतरवण्याच्या गोळ्या बंद केल्या. अल्ब्युमिनच्या बाटल्या आणि टर्लिप्रेसिन नावाचं इंजेक्शन सुरू झालं. अल्ब्युमिन रक्त रक्तवाहिन्यांत टिकवून धरतं आणि टर्लिप्रेसिन आतड्यांकडच्या सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे किडनीकडे पुन्हा रक्त वळतं. अल्ब्युमिनची एकेक बाटली काही हजारांची. त्यासाठी मी चार दिवस पायपीट केली. क्रिएटिनिन १.४ वर आलं. काकू शुद्धीवर आल्या, घरी गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की टिकणारा इलाज एकच, लिव्हर बदलणं. चोवीस वर्षांचा मुलगा तयार होता. घरात चर्चा झाली. 'कमावता एकटाच आहे.' 'अजून लग्न व्हायचंय.' शेवटी काकूच म्हणाल्या, "माझ्यासाठी पोराला कापू नका." विषय संपला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्यात मीही होते, हे कबूल करते. पाच महिन्यांनी काकू गेल्या.

त्याच हिवाळ्यात माझ्याकडे कागदांसाठी तीन बायका आल्या होत्या. तिघींनाही आपापल्या नवऱ्याला लिव्हरचा तुकडा द्यायचा होता. त्यांच्या घरांत किती चर्चा झाली असेल? एकीला मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही हो. सासूबाई म्हणाल्या, तुझंच कुंकू आहे, तूच वाचव." मी असं म्हणत नाही की बायकोने नवऱ्याला अवयव देऊ नये. प्रेमाने, समजून उमजून दिला तर त्यासारखी मोठी गोष्ट नाही. पण देणारी बाई आणि घेणारा पुरुष, हे इतक्या सातत्याने का होतं? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने दिलेले आकडे आहेत. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यात अवयव मिळालेल्या बायका ६,९४५, पुरुष २९,६९५. पाचांत एकसुद्धा बाई नाही! पुरुषांमध्ये काही आजार जास्त आहेत, हे खरं. पण एवढ्या फरकाचं सगळं कारण आजारात सापडणार नाही. काही कारण घरात आहे. काही, मी जे सांगितलं, त्या न वाचलेल्या रिपोर्टमध्येही आहे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते कार्यकर्त्यांना माहीत हवं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्याखालच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. म्हणजे बाईवर दबाव येऊ शकतो हे कायद्याने मान्य केलंय. तुमच्या गावातली एखादी बाई अशा प्रसंगात असेल तर तिला सांगा, 'नको' म्हणायचा अधिकार तुला आहे, आणि एकटीने डॉक्टरांशी बोलायचाही आहे.

आता कामाचं बोलू. तुम्ही वस्तीत, गावात काम करता. लिव्हरच्या आजाराची बाई तुमच्या पाहण्यात आली तर काय करायचं?

पहिलं, कागद. तिचे सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवायला सांगा. नवा रिपोर्ट आला की नॉर्मल आहे का, एवढंच बघायचं नाही. मागचा किती होता, ते बघायचं. वाढला असेल तर न भिता डॉक्टरांना विचारायचं, "आधी ०.५ होता, आता ०.९ झालाय, याचा अर्थ काय?" शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची एक तपासणी असते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, पण विचारायला हरकत नाही.

दुसरं, लघवी आणि वजन. लघवी अचानक कमी झाली, वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं, बाई असंबद्ध बोलायला लागली किंवा दिवसा झोपून राहायला लागली, ताप आला, पोट दुखायला लागलं, शौचाला काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि बाई म्हणते 'लघवी कमी होतेय' तेव्हा माझ्यासारखं उत्तर देऊ नका.

तिसरं, दुखण्याच्या गोळ्या. आपल्या बायका अंगदुखीवर किती गोळ्या खातात ते मी तुम्हाला सांगायला नको. वाकून झाडणं, धुणं, शेतातलं खुरपणं, रात्री पाठ टेकत नाही. मेडिकलवाला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन काढून देतो. सिरॉसिसच्या रोग्याची किडनी या गोळ्या बंद पाडू शकतात. कारण अशा वेळी किडनीच्या रक्तवाहिन्या ज्या पदार्थांमुळे थोड्या तरी उघड्या राहतात, तेच या गोळ्या अडवतात. दुखलं तर काय घ्यायचं आणि किती, हे डॉक्टरांना विचारायचं. पॅरासिटामॉल चालतं, तेसुद्धा त्यांनी सांगितलेल्या मर्यादेतच. जुलाब, उलट्या सुरू झाल्या तर पाणी उतरवण्याच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का, हेही लगेच विचारायचं. आणि 'लिव्हर साफ करतो' म्हणून कुणी काढा, भस्म, पुड्या दिल्या तर त्या घेण्याआधी दाखवायच्या.

चौथं, पोटातलं पाणी. सुईने पाणी काढतात तेव्हा एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढलं, तर दर लिटरला साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचा प्रघात आहे, नाहीतर किडनीवर ताण येतो. शिवाय ताप, पोटदुखी असेल तर ते पाणी तपासायला पाठवलं का, हे विचारा. त्या पाण्यात जंतू झाले की किडनी फार लवकर जाते. १९९९ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी अशा १२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं प्रतिजैविक दिलं त्यांच्यात शंभरातल्या ३३ जणांची किडनी बिघडली, सोबत अल्ब्युमिन दिलं त्यांच्यात शंभरातल्या दहांची. एवढा फरक पडतो.

पाचवं, जेवण. 'लिव्हरचा आजार आहे, डाळ बंद करा, अंडं बंद करा' असं अजूनही घरोघर सांगतात. जुना समज आहे. आज डॉक्टर उलट सांगतात की प्रथिनं कमी करू नका, आधीच स्नायू झिजताहेत. डाळ, उसळ, अंडं, दूध जे परवडेल ते थोडं थोडं, दिवसातून बरेचदा, आणि रात्री झोपण्यापूर्वीही काहीतरी खावं. मीठ मात्र कमी. लोणचं, पापड, ठेचा बाजूला. आणि बाईने शेवटी जेवायचं ही रीत निदान आजारात तरी मोडायची.

सहावं, पैसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, उपकार नव्हे. हेपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आणि औषधं २०१८ सालापासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सी तर बहुतेकांचा साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, लिव्हर फार खराब असेल तर थोडा जास्त काळ लागतो. पूर्वी रक्त चढवलेल्या, जुन्या शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना आपण एकदा तपासणीला नेलं, तर काकूंसारख्या कितीतरी जणी मुळातच इथवर येणार नाहीत.

आता शेवटची एक गोष्ट सांगून थांबते. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात एक बाई होत्या, बिडीकामगार. त्यांची बारावीतली मुलगी सोबत असायची. मी तिला एक शंभर पानी वही दिली आणि रोजचं वजन, लघवी, आणि रिपोर्टचे आकडे लिहायला सांगितले. एका सकाळी ती पोरगी वही घेऊन डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, परवा ०.६ होतं, आज १.० आहे. लघवीपण निम्मी झालीय." डॉक्टरांनी वही हातात घेतली. त्याच दिवशी पोटातलं पाणी तपासायला गेलं, त्यात जंतू सापडले, औषध आणि अल्ब्युमिन सुरू झालं. आठवड्यात आकडा परत ०.६ वर आला. त्या बाई आज घरी आहेत. आजार आहेच, पण त्या आहेत.

त्या मुलीने काही विशेष केलं असं तिला वाटतच नाही. "ताई, मी फक्त लिहून ठेवलं," म्हणते. काकूंच्या वेळी तेवढंही मी केलं नव्हतं.

तुम्ही इथून जाल तेव्हा आपापल्या गटात ही एवढी एक गोष्ट सांगा. बाई म्हणते बरं वाटत नाही आणि कागद म्हणतो सगळं नॉर्मल आहे, तेव्हा आधी बाईचं ऐका, आणि मग मागचा कागद काढा.